दोरीची दोन टोके

गेल्या काही वर्षांत इंग्लंडमधील आपल्या मराठी घरांत एक नवा सभासद दिसू लागला आहे. २०२० च्या टाळेबंदीत या देशात कुत्र्याची पिल्ले घेण्याची लाट आली, तिला आपली मंडळीही अपवाद नव्हती. मुलांचा हट्ट, बेताचे घर, टीचभर बाग. तेव्हा "लहान जातीचा घेऊ या" असा सुज्ञ विचार होतो आणि सहा-सात किलोचा, मिशाळ, मिस्किल डोळ्यांचा टेरियर घरी येतो. पहिले काही महिने कौतुकात जातात. मग गणपतीच्या कार्यक्रमात भेट झाली की यजमान खांदा चोळत सांगतात, "अहो, फिरायला नेतो म्हणजे तोच मला नेतो! आणि समोरून दुसरा कुत्रा आला की विचारू नका." त्यावर कोणीतरी हमखास म्हणते, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच.

शेपटाचे मला ठाऊक नाही. कुत्र्याच्या वागण्याबद्दल मात्र ही म्हण खरी नाही, आणि ती खरी मानण्याची किंमत मोठी आहे. असे कुत्रे आधी घरात कोंडले जातात, मग परत दिले जातात, आणि एखाद्याला चावले तर प्रकरण कोर्टात जाते. आमच्याकडे 'बंड्या' नावाचा, कामाच्या वंशातला बॉर्डर टेरियर आहे. तो आता तीन वर्षांचा आहे. त्याच्या निमित्ताने जे वाचले, पाहिले आणि वहीत टिपून ठेवले, ते येथे मांडतो.

जमिनीत घुसणारा प्राणी

टेरियर या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'टेरा' म्हणजे जमीन हा शब्द आहे. कोल्हा बिळात शिरला की त्याच्या मागे आत घुसायचे, हे या कुत्र्यांचे पिढीजात काम. डेव्हन परगण्यातील जॉन रसेल (१७९५-१८८३) या शिकारीच्या शौकीन पाद्र्याचे नाव तर एका जातीलाच मिळाले. बॉर्डर टेरियर इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगराळ मुलखातला. १९२० साली केनेल क्लबने त्याला मान्यता दिली.

आता त्या कामाचा विचार करा. मेंढ्या राखणारा कुत्रा मालकाच्या शिट्टीकडे कान लावून असतो. टेरियर अंधाऱ्या बिळात एकटा असतो, मालक वर असतो, आणि समोर दात विचकणारे जनावर. तेथे जो मागे वळून "आता काय करू?" असे विचारेल तो निरुपयोगी. म्हणून स्वतः निर्णय घेणारी, चटकन पेटणारी आणि माघार न घेणारी पिल्ले पुढच्या पिढीसाठी निवडली गेली. पुढे २००४ च्या हंटिंग ॲक्टने इंग्लंड आणि वेल्समध्ये या कामावर, काही कडक अटींचा अपवाद सोडून, बंदी आणली. काम गेले, इंजिन मात्र तेच राहिले. आपण ते इंजिन उपनगरातल्या फुटपाथवर आणतो आणि ते धावते म्हणून रागावतो.

ओढणे का टिकते?

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरांना पेटीत ठेवून केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. ज्या हालचालीने दार उघडे, ती मांजर पुढच्या वेळी लवकर करी. सार इतकेच, की ज्या वागण्याचा फायदा होतो ते वागणे वाढते. कुत्र्याने ओढले, आपण चार पावले पुढे गेलो, तो खांबापाशी पोचला: ओढण्याचा पगार जागेवर मिळाला. आपण दहापैकी सात वेळा थांबलो आणि तीन वेळा बस गाठायची म्हणून त्याच्या मागे गेलो, तर सवय मोडत नाही, उलट घट्ट होते. अधूनमधून मिळणाऱ्या फळाची आशा सुटत नाही, लॉटरीच्या तिकिटासारखी.

माझ्या व्यवसायात ज्याला फीडबॅक म्हणतात, तो येथे दोरीच्या दोन्ही टोकांना आहे. तो ओढतो म्हणून आपण मागे खेचतो, आपण खेचतो म्हणून तो अधिक जोर लावतो. हे चक्र कोणी तरी तोडावे लागते, आणि दोघांपैकी विचार करू शकणाऱ्याने ते तोडावे हे बरे.

नियम साधा आहे. दोरी सैल असेल तर चालायचे, ताणली की थांबायचे. ओरडायचे नाही, हिसका द्यायचा नाही, फक्त झाड व्हायचे. त्याने वळून पाहिले, दोरी सैल पडली, की त्याच क्षणी शाबासकी, आपल्या पायाशी खाऊ, आणि पुन्हा चाल. सुरुवात दिवाणखान्यात करावी, मग बागेत, मग निर्जन गल्लीत. बाजाराचा रस्ता सर्वांत शेवटी. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांत दोन घरे ओलांडून झाली तरी पुष्कळ.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, पगार बंद झाला की कुत्रा प्रथम अधिक जोराने ओढून पाहतो. लिफ्ट आली नाही की आपण बटण चारदा दाबतो तसेच हे. नेमके याच वेळी बहुतेक जण "उपाय चालत नाही" म्हणून सोडून देतात. दुसरी, रोज शिकवणी घ्यायला वेळ नसतो, म्हणून दोन वेगळे पोशाख ठेवावेत. पाठीवर कडी असलेला हार्नेस घातला की थोडे ओढणे माफ. छातीवर कडी असलेला घातला की नियम लागू. कुत्र्याला हा फरक छान कळतो. आपोआप गुंडाळणारी दोरी मात्र टाळावी. तिच्यात सतत ताण असतो आणि ओढले की ती लांब होते, म्हणजे ती ओढायलाच शिकवते.

आणि बक्षीस म्हणजे केवळ बिस्किट नव्हे. डेव्हिड प्रेमॅक यांनी १९५९ साली मांडलेले तत्त्व असे, की जे काम प्राण्याला अधिक आवडते ते कमी आवडणाऱ्या कामाचे बक्षीस होऊ शकते. आपल्या आज्या "आधी वरणभात, मग श्रीखंड" म्हणत, तेच हे. वीस पावले सैल दोरीने चाललास, तर आता हे कुंपण मनसोक्त हुंग! बंड्याला चिकनच्या तुकड्यापेक्षा सशाच्या बिळाचे तोंड प्रिय आहे.

दुसरा कुत्रा समोर येतो तेव्हा

आपण लहानपणी गावात पाहिलेली कुत्री आठवा. दोन अनोळखी कुत्री सरळ एकमेकांच्या तोंडावर जात नाहीत. ती वळसा घेतात, जमीन हुंगतात, बाजूने येतात, आणि नकोसे वाटले तर निघून जातात. दोरी ही सगळी भाषा पुसून टाकते. अरुंद फुटपाथवर दोघांना समोरासमोर यावे लागते. ताणलेल्या दोरीमुळे छाती पुढे आणि मान वर होते, जी कुत्र्यांच्या भाषेत धमकी आहे. निघून जाण्याची वाट बंद. मग उरतो तो आरडाओरडा. आणि समोरचा मालक आपला कुत्रा घेऊन निघून गेला, की आरडाओरड्याचाही पगार मिळाला.

भर म्हणून, दरवेळी गळ्याला हिसका बसत असेल तर पाव्हलॉव्हच्या घंटेसारखे नाते जुळते: दुसरा कुत्रा दिसला म्हणजे मान दुखणार. सहा महिने ते दीड वर्ष या अर्धवट वयात टेरियरच्या पेटण्याला हे खतपाणी पुरेसे होते.

उपाय याच नात्याला उलटे करण्याचा आहे. प्रत्येक कुत्र्याचा एक उंबरठा असतो. एका विशिष्ट अंतरापलीकडे त्याला दुसरा कुत्रा दिसतो पण तो शांत असतो. त्याच्या अलीकडे डोके चालत नाही. तोंड घट्ट मिटणे, कान पुढे, शरीर ताठ, हातातला खाऊ न घेणे, ही उंबरठा जवळ आल्याची चिन्हे. शिकवणी नेहमी उंबरठ्याच्या बाहेर. दुसरा कुत्रा दिसला की लगेच चांगला खाऊ सुरू, तो दिसेनासा झाला की खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा: आधी कुत्रा, मग खाऊ. उलटे केले तर खाऊची पिशवीच धोक्याची घंटा होते. काही आठवड्यांनी कुत्रा दुसऱ्याला पाहून स्वतःहून आपल्याकडे वळू लागतो. मग अंतर थोडे थोडे कमी करावे. समोरच्या कुत्र्याचा आकार, अंतर, जागा यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रयोगशाळेचा हा नियम येथेही लागू पडतो. दहाव्या महिन्यात बंड्याचा उंबरठा सुमारे चाळीस पावलांचा होता. वर्षभरात तो दहा पावलांवर आला, तोही सरळ रेषेत नव्हे. वहीतला आलेख दातेरी करवतीसारखा आहे.

अचानक गाठ पडली तर काय? "चल, वळ" असा एक शब्द घरी आनंदाने शिकवून ठेवावा आणि रस्त्यावर चटकन पाठ फिरवावी. उभी मोटार, कुंपण, फाटक यांची आड घ्यावी. गुरगुरला म्हणून शिक्षा कधीही करू नये. गुरगुरणे हा इशारा आहे. तापलेल्या इंजिनाचा लाल दिवा काढून टाकल्याने इंजिन थंड होत नाही. पुढच्या वेळी तो इशारा न देता चावेल एवढेच. विजेचा झटका देणारे पट्टे वेल्समध्ये २०१० पासून बेकायदा आहेत. अमेरिकेतील पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संस्थेने २०२१ च्या निवेदनात शिक्षेवर आधारलेल्या सर्वच पद्धती टाळायला सांगितल्या आहेत.

कायदा आणि घरची माणसे

१९९१ चा डेंजरस डॉग्ज ॲक्ट काही ठरावीक जातींपुरताच आहे असा अनेकांचा समज आहे. त्याचे तिसरे कलम प्रत्येक कुत्र्याला लागू आहे. कुत्रा चावलाच पाहिजे असे नाही. तो आपल्याला इजा करील अशी रास्त भीती माणसाला वाटली तरी गुन्हा होऊ शकतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१४ पासून हे कलम खासगी जागेतही, म्हणजे आपल्या बागेतही, लागू आहे. दोन कुत्र्यांच्या भांडणात माणूस मध्ये पडतोच, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून धोका वाटत असेल तर जाळीचे मुसके वापरायला लाजू नये. मळणीच्या वेळी बैलाला मुसके बांधतात, त्यात आपण क्रूरपणा पाहत नाही. ज्यात धापा टाकता येतात आणि पाणी पिता येते असेच मुसके घ्यावे, आणि त्यात खाऊ ठेवून आठवडाभर सवय करावी. वागणे अचानक बदलले असेल तर आधी पशुवैद्याकडे जावे. कान, दात किंवा सांध्याचे दुखणे कुत्र्याला चिडके करते. चावा झाला असेल तर लेख वाचत बसू नये, पशुवैद्याच्या शिफारशीने पात्र वर्तनतज्ज्ञ गाठावा.

शेवटचा मुद्दा आपल्या घरांपुरता खास. भारतातून आईवडील सहा महिन्यांसाठी येतात, त्यांना दुपारी करमत नाही, आणि आपण सहज म्हणतो, "बाबा, जरा याला फिरवून आणता का?" गणित करून पाहू. सात किलोचा कुत्रा सैल दोरीवर सेकंदाला चार मीटर वेगाने सुटला आणि दोरी व हात मिळून वीस सेंटिमीटरमध्ये थांबला, तर सरासरी ताण सुमारे २८० न्यूटन येतो. म्हणजे हाताला एकाएकी अठ्ठावीस किलोचे ओझे बसल्यासारखे. सत्तरीतल्या माणसाचे मनगट किंवा खुबा मोडायला तेवढे पुरे. दहा वर्षांच्या मुलालाही हे झेपत नाही. आमच्याकडे नियम आहे: घराबाहेर दोरी माझ्या किंवा पत्नीच्या हातात. आजोबांकडे बागेतले काम. ते वाळूच्या खोक्यात खाऊ पुरतात आणि बंड्या तो उकरून काढतो. त्याच्या पूर्वजांचे काम त्याला मिळते आणि दोघेही दमून झोपतात.

बंड्या सगळ्या कुत्र्यांचा मित्र होणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. आपण तरी लोकल गाडीतल्या प्रत्येकाला मिठी कुठे मारतो? शेजारून शांतपणे जाता आले, की झाले. तेवढे शिकवणे बहुतेकांना शक्य आहे, आणि तेवढ्याने एखाद्या कुत्र्याचे घर वाचते.