कार्बनचे तंतु आणि त्यांची खळ

कुपवाडहून इचलकरंजी कांहीं फार दूर नाहीं. तेथें ताण्याच्या सुतास मागावर चढविण्यापूर्वीं खळ देतात, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. खळ कमी पडली तर सूत फणींत घासून पिंजतें. फार झाली तर तें ताठ होऊन तुटतें. विमानाच्या पंखाचें बलहि अशाच एका खळीवर अवलंबून असतें, हें ऐकून मात्र कित्येकांस नवल वाटेल.

नाशिकजवळ ओझर येथील कारखान्यांत बांधलेलें पहिलें ‘तेजस मार्क १ए’ विमान ऑक्टोबर २०२५ मध्यें आकाशांत उडालें. तेजसच्या सांगाड्याच्या वजनापैकीं सुमारें ४५ टक्के भाग संमिश्र पदार्थांचा असतो. म्हणजे मुख्यत्वें कार्बनचे तंतु व त्यांस धरून ठेवणारी एपॉक्सी राळ. एक तंतु सुमारें ७ मायक्रॉन जाडीचा, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा. भट्टींतून निघतांना तो इतका गुळगुळीत असतो कीं राळ त्यास नीट धरीत नाहीं. म्हणून विजेच्या साहाय्यानें त्याचा पृष्ठभाग किंचित् खरखरीत व क्रियाशील करितात आणि मग त्यावर वजनाच्या सुमारें एक टक्का लेप देतात. या लेपासहि कारखान्यांत ‘सायझिंग’ म्हणतात. इचलकरंजीचा शब्दहि तोच!

एक तंतु तुटला म्हणजे त्याचा भार राळेच्या द्वारें शेजारच्या तंतूंवर जातो. पकड ढिली असेल तर राळ सरकते, थर सुटे होतात, आणि बाहेरून डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं. मग पकड जितकी घट्ट तितकें बरें काय? आम्हांसहि प्रथम तसेंच वाटलें होतें. परंतु ती अति घट्ट झाल्यास राळेंत पडलेली चीर न वळतां सरळ तंतूंना कापीत जाते व सर्व वस्तु कांचेसारखी एकदम फुटते. पकड बेताची असल्यास चीर तंतूच्या कडेनें वळते व तिचा जोर तेथेंच खर्ची पडतो.

शिवाय एकीची खळ दुसरीस चालत नाहीं. ‘पीक’ नांवाचें प्लास्टिक सुमारें ३८० अंशांवर वितळवून वापरितात. तेथें एपॉक्सीसाठीं दिलेला लेप टिकत नाहीं, जळून त्याचा वायु होतो व बुडबुडे राहतात. उलट सिलिकॉन कार्बाइडसारख्या ठिसूळ, चिनी मातीच्या जातीच्या पदार्थांत तंतु बसवितांना त्यांवर मुद्दाम मऊ कार्बनचा थर चढवितात, तो पकड कमी करण्यासाठीं. त्याची जाडी बहुधा एका मायक्रॉनाहूनहि कमी असते.