उसाचे बिल किती महिन्यांचे?

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात शेतकरी कुटुंबाकडे पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही, एकदम येतो. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि १६ ते १८ महिन्यांनी तुटतो. बिल खात्यावर जमा होते तेव्हा रक्कम मोठी दिसते. पैशाविषयीचे बरेचसे चुकीचे निर्णय त्या आठवड्यात होतात.

समजा, दोन एकरांत १०० टन ऊस निघाला आणि टनाला ३,००० रुपये मिळाले. बिल ३ लाखांचे. सोसायटीच्या पीककर्जाचे १ लाख २० हजार परस्पर कपात झाले, तर हाती उरतात १ लाख ८० हजार. त्यांना १८ महिन्यांनी भागले की महिन्याला १० हजार. गाडी घ्यायला निघालेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर १ लाख ८० हजार असतात. किराणा, शाळेची फी आणि दवाखाना मात्र त्या १० हजारांतच बसवावे लागतात. म्हणून बिल हाती पडण्याआधीच ते किती महिन्यांचे आणि कशाकशासाठी आहे, हे घरात बसून ठरवणे हा पैशाकडे नीट पाहण्याचा पहिला भाग आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे एफआरपीची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दराची, रक्कम ऊस घातल्यापासून १४ दिवसांत मिळायला हवी, उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याजासह. तरीही बिल लांबते, आणि तेवढ्या काळात चूल थांबत नाही. बऱ्याच घरांत ती दुधाच्या पगारावर चालते. दर दहा दिवसांनी येणारा हा पैसा घरखर्चाला आणि उसाचा पैसा विहीर, पाइपलाइन, मुलांचे शिक्षण यांना, अशी वाटणी करणाऱ्या बायकांना घराचे अंदाजपत्रक वेगळे शिकवावे लागत नाही.

शेतकरी लग्नात उधळतो म्हणून कर्जात बुडतो, हे मत फार जुने आहे, आणि ते याच भागात तपासले गेले आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. अमेरिकेतील यादवीच्या काळात कापसाला भाव चढला, तेव्हा सावकारांनी हात सैल सोडला होता. युद्ध १८६५ मध्ये संपले, भाव उतरले आणि कर्ज मिळेनासे झाले. त्यातच १८६७ मध्ये इंदापूर तालुक्यात शेतसाऱ्याची फेरआकारणी होऊन सारा वाढला. दंगलीच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो, असे नोंदवले. धान्य, बी-बियाणे, बैल, सारा अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या खर्चांचा भार त्याहून अधिक होता. दीडशे वर्षांनंतरही हे निरीक्षण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कर्ज झाले म्हणजे माणूस बेजबाबदार, असे समजणे अन्यायाचे आहे. अनेकदा खर्च आणि उत्पन्न यांच्या तारखा जुळत नाहीत, एवढेच असते.

कर्ज वाढते कसे, हेही त्याच काळातून कळते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आले. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता, पण सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. आज ‘नवं-जुनं’ करताना यातला काही अंश दिसतो. मुदत संपत आली की हातउसने किंवा व्याजाने पैसे आणून पीककर्ज भरायचे, लगेच नवे उचलायचे आणि आणलेले परत करायचे. वेळेत फेड केल्यास ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावरील व्याज सवलतीतून सुटते, त्यामुळे ही धडपड समजण्यासारखी आहे. मात्र मुद्दल कमी झालेले नसते. ज्या वर्षी ऊस चांगला जातो, त्या वर्षी त्यातले काही खरोखर फेडले तरच ओझे उतरते.

जमिनीच्या मोबदल्याचा पैसा याहून वेगळा. संत तुकाराम महाराज पालखी मार्ग पाटस, बारामती, इंदापूर असा जातो. त्याच्या रुंदीकरणासाठी जमिनी गेल्या. अशी रक्कम म्हणजे उत्पन्न नव्हे. तिच्या मागे पुढच्या हंगामात पुन्हा काही उगवणार नसते. त्यामुळे ती दुसरी जमीन, ठेव किंवा चालणारा धंदा यांत गेली पाहिजे, आणि त्यात बहिणींचा कायदेशीर वाटा असेल तर तो आधी बाजूला निघाला पाहिजे.

सर्वांत घातक कर्ज घरात कुणालाच ठाऊक नसलेले. लाजेपोटी लपवलेल्या सावकारी कर्जात जमिनीचे खरेदीखत करून दिले जाते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि अशा व्यवहारात गेलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही त्यात आहे. तक्रार सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयाकडे करता येते.