धोतर, लुगडें आणि कर्करोग

पालघर, बोईसर, तारापूर या आमच्या टापूंत कर्करोगाचें नांव निघालें कीं ऐकणाराच्या मनांत लागलीच दोन शंका उभ्या राहतात. हा रोग लागट तर नाहीं? आणि तो त्या घराण्याच्या रक्तांतच तर नाहीं? पहिली शंका सुशिक्षित घरांतून आतां बहुतेक गेली आहे. दुसरी मात्र, घरांत लग्नाच्या मुली असल्या म्हणजे, फार बळावते, आणि तिच्या धाकानें कित्येकदां रोगच झांकून ठेवला जातो. यांखेरीज तारापूरच्या अणुवीजकेंद्राकडे बोट दाखविणारी मंडळी आहेतच; त्या वादांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. मला सांगावयाचें आहे तें याहून पुष्कळ जवळचें आहे. तें आपल्या कमरेला गुंडाळलेलें असतें.

मुंबईस परळचें टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्राचे मोठे पंडित. कुष्ठरोग आणि कर्करोग हे त्यांच्या अभ्यासाचे दोन मुख्य विषय. रोग्याच्या शरीरांतून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें एवढ्यावर त्यांची जिज्ञासा थांबली नाहीं. रोगी ओढतो काय, चघळतो काय, नेसतो काय, याचाहि त्यांनीं विचार केला. १९४५ सालीं त्यांनीं व सूर्याबाई यांनीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हिंदी लोकांच्या राहणीशीं निगडित अशा तीन कर्करोगांचें वर्णन आहे: ओठांत खैनी धरणारांचा ओठाचा, चुट्ट्याचें पेटतें टोंक तोंडांत ठेवून ओढणारांचा टाळूचा, आणि धोतर नेसणारांचा कमरेचा.

तंबाखूची अपकीर्ति सर्वश्रुतच आहे. पण धोतरासारख्या सात्त्विक वस्त्रानें कोणता अपराध केला? उत्तर असें कीं, वस्त्रांत विष नाहीं, दोष आहे तो आवळण्यांत. मनुष्य ऐन तारुण्यांत कमरेच्या ज्या जागीं गांठ मारूं लागतो त्याच जागीं साठाव्या वर्षींहि मारीत असतो. घाम, धूळ आणि कापडाचें घर्षण यांनीं तेथील कातडी आधीं काळवंडते, मग जाड व खरखरीत होते, तिचे पापुद्रे निघतात, खाज सुटते. खाजविल्यानें चीर पडते, ती भरते, पुन्हां पडते. असें कैक वर्षें चालल्यावर एखाद्या दुर्दैवी मनुष्याच्या त्या चिरेंत न भरणारा व्रण होतो. असे रोगी थोडेच आढळतात, हें आधींच सांगून ठेवतों, नाहीं तर वाचक आजच धोतराला तिलांजलि देतील.

पुरुषांनीं तर तें बहुतेक टाकलेंच. पण आपल्या घरांतील स्त्रियांचें काय? नऊवारी लुगडें परकरावांचून कमरेलाच घट्ट नेसण्याची चाल होती, आणि आमच्या बाजूस भातलावणीला उतरणाऱ्या किंवा सातपाटीस मासळी विकणाऱ्या बायांत ती अजून दिसते. पांचवारीबरोबर परकर आला व त्याची नाडी आली. रुंद कापडापेक्षां बारीक नाडी अधिक रुतते, हें कोणत्याहि गृहिणीस सांगावयास नको; तिच्या कमरेवरची खूणच तें सांगेल. डॉक्टरांनीं पुढें याला 'साडीचा कर्करोग' असें नांव दिलें. २०२४ सालीं वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनीं एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत असे दोन रुग्ण नोंदविले. एक बाई सत्तर वर्षांच्या. कुशीवरचा व्रण अठरा महिने भरत नव्हता. दुसऱ्या साठी ओलांडलेल्या; चाळीस वर्षें परकरावांचून लुगडें नेसत आलेल्या, आणि दोन वर्षें व्रण अंगावर काढलेल्या. दोघींनाहि त्वचेचा कर्करोग निघाला.

काश्मिरांत थंडीच्या दिवसांत निखाऱ्याची कांगडी पोटाशीं धरतात. तेथेंहि पोटाच्या व मांडीच्या भाजून भाजून करपलेल्या कातडीवर हाच प्रकार फार पूर्वीं आढळला. कुष्ठरोग्यांच्या तळपायावरील जुनाट व्रणांतहि तो क्वचित् उद्भवतो. कारणें निरनिराळीं, परंतु मधली पायरी एकच: वर्षानुवर्षें न शमणारा दाह. जर्मन पंडित फिर्खो यानें १८६३ सालींच या दोहोंचा संबंध तर्किला होता. १९१५ सालीं यामागिवा व इचिकावा या जपानी शास्त्रज्ञांनीं सशाच्या कानांवर महिनोन् महिने डांबर चोळून प्रत्यक्ष कर्करोग उत्पन्न करून दाखविला. (बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांशीं ज्यांचा रोजचा संबंध येतो त्यांनीं हातमोजे कां घालावे, हें एवढ्यावरून ध्यानांत यावें.) जखम भरावयाची म्हणजे नव्या पेशी घडवावयाच्या, आणि प्रत्येक नवी पेशी घडतांना आंतील आनुवंशिक लेखाची नक्कल करावी लागते. एकच पोथी हजारों वेळां उतरून काढणाऱ्या लेखकाच्या हातून चुका होतात, तशा येथेंहि होतात. दाहाच्या जागीं जमणाऱ्या पांढऱ्या पेशी जीं तीव्र द्रव्यें सोडतात त्यांनीं मूळ पोथीवरच डाग पडतात. बहुतेक चुका शरीर स्वतःच दुरुस्त करतें; ज्या राहतात त्यांत एखादी घातक ठरते.

आतां रक्ताची शंका. ती निरर्थक नाहीं, आणि तिचा छडा लावणाऱ्यांत एक मराठी स्त्री अग्रेसर होती. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांचा जन्म १९१७ सालीं पुण्यास झाला. हुजूरपागेंत व फर्ग्युसनांत शिकून त्यांनीं एम्. एस्सी.साठीं सीताफळाच्या कुलांतील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. मुलीनें डॉक्टर व्हावें ही वडिलांची इच्छा. तिनें विवाह केला तो गणितज्ञाशीं, आणि १९४९ सालीं पीएच्. डी. मिळविली ती खानोलकरांच्या हाताखालीं. पुढें परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत त्यांनीं उंदरांचे निरनिराळे वंश पाळून स्तनाच्या कर्करोगाचा शोध घेतला. निष्कर्ष असा कीं, वंशाकडून येते ती प्रवणता; तिला शरीरांतील अंतःस्रावांची व उंदरांत आईच्या दुधांतून येणाऱ्या एका विषाणूची जोड मिळते. हा विषाणु उंदरांचा आहे. मनुष्याच्या मातेनें अंगावर पाजण्यास त्यामुळें मुळींच बाध येत नाहीं. कमरेच्या कर्करोगांत तर घराण्याचा भाग जवळ जवळ नाहींच. सासू व सून दोघींच्याहि कमरेवर डाग दिसला तर तो रक्ताचा नव्हे, नेसण्याच्या पद्धतीचा समजावा, आणि मुलींच्या लग्नाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

कमरेवरची प्रत्येक खाज भयंकर नसते. ती बहुधा गजकर्ण किंवा इसब असते, आणि योग्य औषधानें बरी होते. मात्र औषधांच्या दुकानांतून आपल्या मनानें आणलेलीं मलमें लावीत बसूं नये. पुष्कळांत स्टेरॉइड असतें, त्यानें खाज थांबते व खरें स्वरूप झांकतें. नाडी रुंद घ्यावी, सैल बांधावी, गांठीची जागा बदलीत जावी, रात्रीं ती सोडून ठेवावी. महिनाभरांत न भरलेला व्रण, वर आलेली कडा, स्पर्शानें येणारें रक्त, यांपैकीं कांहींहि दिसल्यास डॉक्टरांकडून तुकडा तपासून घ्यावा. त्या भागापुरती बधिरता आणून तो काढतात, त्यास फार वेळ लागत नाहीं.

अडचण आहे ती संकोचाची. वडीलधाऱ्या स्त्रिया कमर मुलाला दाखवीत नाहींत, डॉक्टराला तर नाहींच. तेल लावणाऱ्या, न्हाऊं घालणाऱ्या सुनेच्या किंवा नातीच्याच ती दृष्टीस पडते. रोग कातडीपुरता असतां सभोंवारच्या निरोगी भागासह कापून काढला कीं बहुधा काम भागतें. वर सांगितलेल्या दुसऱ्या बाईंचा दोन वर्षांत जांघेंतील एका गांठीपर्यंत पोंचलेला होता.