कोन-विरूपण आणि ध्वनिवहन : चंदगडच्या संदर्भात एक टिपण

'पाऊस आला' हे विधान आणि 'पाऊस आला?' हा प्रश्न यांतील शब्द एकच. भेद आहे तो स्वराच्या चढउतारात. विधान कितीही मोठ्याने उच्चारले तरी त्याचा प्रश्न होत नाही. अर्थ आवाजाच्या बळावर नव्हे, तर कंप्रतेच्या बदलावर आधारलेला असू शकतो, हे भाषाभ्यासकास परिचित आहे. रेडिओतील कोन-विरूपणाचे मर्मही हेच होय.

वाहक लहरीचे परमप्रसर, कंप्रता व कला असे तीन घटक असतात. परमप्रसर-विरूपणात ध्वनीनुसार लहरीची उंची बदलते. कोन-विरूपणात उंची स्थिर राहते व लहरीचा कोन बदलतो. कला-विरूपणात कोनाचे विचलन ध्वनीच्या प्रमाणात होते. कंप्रता-विरूपणात कोन बदलण्याचा वेग, म्हणजेच कंप्रता, त्या प्रमाणात ढळते. येथे एक गैरसमज टाळावयास हवा. ४०० हर्ट्‌झच्या ध्वनीने वाहकाची कंप्रता सेकंदास ४०० वेळा खालीवर होते. ती किती ढळावी हे मात्र ध्वनीच्या तीव्रतेवर ठरते. ध्वनिक्षेपणात या विचलनाची मर्यादा सामान्यतः ७५ किलोहर्ट्‌झ असते.

विजेच्या कडकडाटाने लहरीच्या उंचीत येणारी बाधा ग्राहक यंत्रातील मर्यादक छाटून टाकतो. संदेश उंचीत नसल्याने तो अबाधित राहतो. या पद्धतीने पट्टा अरुंद होईल ही आशा कार्सन यांनी १९२२ मध्ये खोटी ठरविली. उलट, पट्टा हेतुतः रुंद केल्यास खरखर दबते, हे आर्मस्ट्राँग यांनी १९३६ च्या निबंधात दाखविले.

या स्पष्टतेचे मोल द्यावे लागते. १५ किलोहर्ट्‌झपर्यंतच्या ध्वनीसाठी सुमारे १८० किलोहर्ट्‌झचा पट्टा लागतो. मध्यम लहरींवर दोन वाहकांत अंतरच ९ किलोहर्ट्‌झचे असते. म्हणून हे प्रक्षेपण ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झवर चालते. आकाशवाणी कोल्हापूरच्या १०२.७ मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी जेमतेम २.९ मीटर आहे. शेकडो मीटर लांबीच्या मध्यम लहरी भूपृष्ठाला धरून दूर जातात. ही लहर डोंगराआड फारशी वळत नाही. कोल्हापूरपासून सरळ रेषेत सुमारे ८५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या चंदगडच्या दृष्टीने ही बाब निर्णायक ठरते. शिवाय परमप्रसर-विरूपित संकेत क्षीण झाला तरी खरखरीतून शब्द ओळखता येतात; कंप्रता-विरूपित संकेत विशिष्ट उंबरठ्याखाली जाताच अकस्मात कोसळतो.

तात्पर्य, कोन-विरूपण गोंगाटावर मात करते, भूगोलावर नव्हे. दऱ्याखोऱ्यांतील श्रोत्यापर्यंत मराठी शब्द पोचावयाचा, तर प्रक्षेपकाची उंची आणि स्थान यांचाही विचार तितकाच अगत्याचा आहे.