नवा लॅपटॉप, तरी काम मंद का?
घरच्या लग्नाची छायाचित्रे सुधारण्यासाठी आपण नवा लॅपटॉप घेतला आणि फोटोशॉप पावलोपावली अडखळू लागले, तर यंत्रास दोष देण्याची घाई करू नये. 2.4 कोटी बिंदूंचे छायाचित्र 16 बिटांत उघडले की त्याचा एकच थर सुमारे 144 मेगाबाइट रॅम व्यापतो. दहा थरांचा हिशेब आपणच करावा! रॅम अपुरी पडली म्हणजे काम डिस्कवर जाते, आणि डिस्क तिच्याहून पुष्कळच मंद. म्हणून डिस्कवर मोकळी जागा राखावी, ब्राउझर मिटवावा. चार्जर जोडला आहे ना, हेही पाहावे; बॅटरीवर कित्येक लॅपटॉप आपला वेग आवरतात. एवढ्याने भागले नाही, तरच रॅम वाढविण्याचा खर्च करावा. मात्र काही लॅपटॉपांत ती कायमची जडविलेली असते, तेव्हा हे खरेदीपूर्वीच विचारलेले बरे.