ओहोटीच्या दिवसांतले बळ

(आकाशवाणी रत्नागिरी केंद्रावरील भाषणाचा संपादित भाग)

व्यसनाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच एक शब्द पुढे येतो : इच्छाशक्ती. 'मनात आणले तर आज सोडील' असे आपण म्हणतो आणि सुटले नाही तर 'त्याच्या मनातच नाही' असा निकालही देऊन टाकतो. घोटाळा इथेच आहे. निश्चय एकदा केला म्हणजे तो कायम तसाच राहतो, असे होत नाही. रत्नागिरीकरांना हे समजावून सांगायला नको. समुद्राला भरती येते, तशी ओहोटीही येते. भरतीत होडी कुणीही पाण्यात लोटील. प्रश्न ओहोटीचा आहे.

सुरुवातीचे दिवस शरीराचे असतात. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर हात थरथरतात, झोप उडते, भास होतात, फिट येते. प्रसंगी जिवावरही बेतते. म्हणून हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायला हवेत. आपल्या गावात १८८६ पासून मनोरुग्णालय आहे, पण त्याच्या फाटकातून आत शिरताना आजही माणूस इकडेतिकडे पाहतो. या संकोचापायी कितीतरी उपचार लांबणीवर पडतात.

शरीर सावरले की खरी कसोटी सुरू होते. सुरुवातीचे कौतुक ओसरते. घरचे म्हणतात, 'झाला आता बरा.' त्याला मात्र संध्याकाळ खायला उठते. अशा वेळी बळ आणायचे कुठून?

याचे एक उत्तर १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी मिळाले. बिल विल्सन नावाचा एक गृहस्थ दारू सोडून पाच महिने झाले होते. धंद्याच्या कामासाठी तो त्या गावी आला, काम फसले आणि परक्या गावातल्या हॉटेलात तो एकटा पडला. समोर बार होता. त्याने बारमध्ये न जाता टेलिफोन गाठला आणि आपल्यासारखाच दारूशी झगडणारा कुणी गावात आहे का, याची चौकशी सुरू केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले. दोघे तासन् तास बोलत बसले. त्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. स्वतःचे बळ सरत आले असताना विल्सन दुसऱ्याला आधार द्यायला निघाला आणि त्यातच तो तरला.

आपल्या महाराष्ट्रात हाच अनुभव पुण्याच्या 'मुक्तांगण'ने दिला. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर लिहिले, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई मदतीला धावले आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी हे केंद्र सुरू केले. पूर्वी स्वतः व्यसनात अडकलेले कितीतरी जण तिथे पुढे कार्यकर्ते झाले. नव्याने आलेल्या रुग्णाला हा माणूस उपदेशक वाटत नाही; तो वाट तुडवून आलेला सोबती असतो.

दुसरे बळ लहान मापात आहे. 'आयुष्यभर पिणार नाही' ही शपथ डोक्यावर डोंगरासारखी बसते. 'आज पिणार नाही' एवढे मात्र पेलते. रमजानचे तीस रोजे कुणी एकदम धरत नाही. प्रत्येक पहाटे सहेरी करून त्या दिवसाचा रोजा धरायचा. वारकरीही पंढरपूरचे अंतर मोजत बसत नाही, आजचा मुक्काम गाठतो. भूक, राग, एकटेपण आणि थकवा या चार वेळी तल्लफ हमखास डोके वर काढते. वेळेवर जेवण, पुरेशी झोप आणि संध्याकाळी हाताला काम, हे उपाय दिसायला साधे आहेत. परंतु ओहोटीत होडीला नांगर लागतो तो असाच.

अ‍ॅलन मार्लेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तल्लफेला लाटेची उपमा दिली. लाट चढते, टोकाला जाते आणि फुटते. तिच्याशी झुंजू नये, तिच्यावर तरंगत राहावे, ती ओसरतेच.

आणि समजा, पाय घसरला तर? माझ्या माहितीतला एक खलाशी पावसाळ्यात बोटी बंद असताना उपचार घेऊन आला, सात महिने उत्तम राहिला आणि शिमग्यात प्यायला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको मला विचारत होती, "भाईजान, सात महिने फुकट गेले का हो?" मी म्हटले, "नाही वहिनी. ते सात महिने त्याने जगून दाखवले आहेत. ते कुणी काढून घेऊ शकत नाही." एका घोटापेक्षा 'आता सगळे संपलेच' हा विचार अधिक घातक असतो. तो त्याच आठवड्यात पुन्हा डॉक्टरांकडे गेला, हे मला महत्त्वाचे वाटते.

माझ्या मोहल्ल्याबद्दलही बोलले पाहिजे. दारू आमच्यात हराम आहे, म्हणून 'आमच्यात कुणी पीत नाही' असे आम्ही म्हणतो. त्यामुळे जो पितो तो अंधारात पितो आणि अंधारातच संपतो. मनाई असणे चांगलेच. पण आजारी माणसासाठी दार उघडे ठेवणे हेही धर्माचेच काम आहे. अब्रू झाकण्याच्या नादात माणूस गमावू नये.

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत. तुमच्या घरात, शेजारी कुणी सोडायचा प्रयत्न करत असेल, तर 'अजून पितोस का?' असे विचारू नका. 'आजचा दिवस कसा गेला?' एवढेच विचारा. आणि उत्तर ऐकायला थोडा वेळ बसा.