दबा धरून बसलेला शत्रू, व्हाया शिवडी

शिवडी स्टेशनवर पूर्वेला उतरलं की लोक फ्लेमिंगो बघायला खाडीकडे वळतात. तिथेच टेकाडावर एक किल्ला आहे, त्याच्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. ईस्ट इंडिया कंपनीने तो १६८० मध्ये बांधला, पूर्वेच्या खाडीवर नजर ठेवायला. नऊच वर्षांत जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान मुंबईवर चालून आला आणि त्याने सगळ्यात आधी घेतला तो हाच किल्ला! देवाने नगर राखलं नाही तर पहारेकऱ्याचं जागरण फुकट, अशा अर्थाचं एक हिब्रू स्तोत्र आहे, १२७वं. शिवडीच्या पहारेकऱ्यांना ते पटलं असतं.

ही स्तोत्रं एकूण १५०. हिब्रूत ‘तेहिलीम’, म्हणजे स्तुती. मराठी बायबलमध्ये ‘स्तोत्रसंहिता’. नाव स्तुतीचं असलं तरी आत तक्रारी भरपूर, आणि त्यातल्या बऱ्याचशा लपलेल्या शत्रूंबद्दल. गंमत म्हणजे या शत्रूला नाव जवळजवळ नसतंच. तो जाळं पसरतो, खड्डा खणतो, आडोशाने बाण मारतो. ६४व्या स्तोत्रात तर त्याचं हत्यार जीभ आहे, तलवारीसारखी परजलेली. चाळीत राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

ही स्तोत्रं गाणारा भक्तही काही गरीब गाय नाही. ५८व्या स्तोत्रात तो देवाला सांगतो की या दुष्टांचे दात पाड, ते गोगलगायीसारखे विरघळून जाऊ देत. ५५व्यात मात्र त्याचा आवाज बसतो, कारण तिथला छुपा शत्रू म्हणजे त्याचाच जिवलग मित्र, बरोबर देवळात जाणारा. मला विचाराल तर सगळ्या संग्रहात हे सर्वांत खरं वाटणारं गाऱ्हाणं.

संरक्षणासाठी सगळ्यात नावाजलेलं स्तोत्र ९१वं. त्याच्या पहिल्याच ओळीत ‘सेतेर’ हा शब्द येतो, म्हणजे लपण्याची जागा. शत्रू लपलेला, म्हणून भक्तही लपतो, देवाच्या आडोशाला. यातले धोके वेळापत्रकानुसार येतात: रात्रीची भीती, दिवसाचा बाण, अंधारात फिरणारी साथ आणि भर दुपारचा घात. जुन्या ग्रीक भाषांतरात या शेवटच्याचं चक्क ‘दुपारचं भूत’ झालं. टळटळीत बाराच्या ठोक्याला पिंपळाखाली जाऊ न देणाऱ्या कोकणातल्या आजीला हे वाचून दाखवायला हवं होतं.

मृत समुद्राजवळच्या गुंफांत सापडलेल्या एका गुंडाळीत हेच स्तोत्र भुतं पळवण्याच्या गाण्यांसोबत लिहिलेलं आहे. ताईत आणि मंतरलेल्या वाडग्यांवरही ते आढळतं. आणि शुभवर्तमानात येशूची परीक्षा घेताना सैतान कुठला आधार देतो? हाच! भुताला पळवायचा मंत्र भुतालाच पाठ.

आता शिवडीहून सीएसएमटीकडची लोकल पकडा. पाचवं स्टेशन मस्जिद. या नावामागे तिथलं सिनेगॉग आहे असं सांगतात, कारण मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. कोकणात हे लोक तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांचं नाव पडलं ‘शनिवार तेली’. आडनावं पेणकर, रोहेकर, केहिमकर. सिनेगॉग १७९६ मध्ये बांधलं सॅम्युएल दिवेकरांनी. कंपनीच्या फौजेतले दिवेकर टिपूच्या कैदेत सापडले होते. जीव वाचला म्हणून नवस फेडावा तसं त्यांनी हे उभारलं, अशी कथा आहे. नाव ‘शाअर हारहमीम’, म्हणजे दयेचं दार.

हे सिनेगॉग आहे मांडवी भागात. त्याच मांडवीत १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. अंधारात फिरणारी साथ, अक्षरशः. जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगला सापडला होता, पण तो माणसापर्यंत पोचवते उंदरावरची पिसू, हे अजून कुणाच्या गावीही नव्हतं. ते पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. तोवर घरं धुवून काढली, सामान जाळलं, माणसं छावणीत नेली, पिसू मजेत.

या शत्रूवर लस काढणारा माणूस ज्यू होता. वाल्देमार हाफकिन, जन्म ओडेसाचा. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तोकड्या जागेत त्यांनी लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली, शिवडीपासून हाकेच्या अंतरावर. ती इमारत त्याआधी जेसुइट पाद्र्यांचा मठ होती. आजची हाफकिन इन्स्टिट्यूट हीच.

पुढे त्यांच्यावरच ५५वं स्तोत्र म्हणायची पाळी आली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. दोष हाफकिनवर आला, ते पदावरून गेले. बाटली जागेवर उघडताना घाण झाली असावी, असा पुरावा पुढे आला, आणि १९०७ मध्ये रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिल्यावर किटाळ गेलं. निवृत्तीनंतर जंतुशास्त्रज्ञ हाफकिननी १९१६ मध्ये लेख लिहिला तो सनातन ज्यू आचारधर्माच्या बाजूने! १९३० मध्ये गेले तेव्हा आपली संपत्ती पूर्व युरोपातल्या धर्मपाठशाळांसाठी ठेवून गेले.

परत शिवडी. इथली ख्रिस्ती दफनभूमी पूर्वी बाग होती, अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची. १८६०च्या दशकात आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी ती जागा दफनासाठी घेतली. व्हीटी, म्हणजे आजचं सीएसएमटी स्टेशन बांधणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स इथेच आहेत, आणि टिळकांचे सहकारी काका बाप्टिस्टाही. याच शिवडीत पालिकेचं क्षयरोग रुग्णालय आहे. क्षयाचा जंतू तर शत्रूंमधला कसलेला दबेकरी: वर्षानुवर्षं फुप्फुसात गप्प बसतो आणि अंगातली ताकद कमी झाली की बाहेर पडतो. त्याचा पत्ता रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला.

जाता जाता, स्तोत्रांतलंच एक लपलेलं. ‘सेला’ हा शब्द त्यांत ७१ वेळा येतो. थांबा? सूर चढवा? झांज वाजवा? अर्थ अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.